माझ्याकडून हरवलेली दोनशे अकरा पाने

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर आहे आणि माझ्या कळफलकावरची दोन-तीन अक्षरे बोटांनी घासून पार पुसली गेली आहेत. आपली हकीकत सांगणारे बहुतेक जण मोठेपणाच्या गोष्टी सांगतात. तशा माझ्याजवळही दोन-चार आहेत. पण आज मी बोलतो आहे ते एका लाजिरवाण्या गोष्टीबद्दल. ती आठवली की अजूनही माझा पंखा उगाचच जोरात फिरू लागतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका टेबलावर मला छाती मिळाली, दुसऱ्यावर स्मरणशक्ती, तिसऱ्यावर पडदा. शेवटच्या टेबलावर एका मुलीने माझे बटण दाबले, मी उजळलो, आणि तिने जांभई देत माझ्यावर शिक्का मारला. एवढेच माझे कौतुक. मग थर्मोकोलच्या कुशीत झोपून मी बाईंच्या घरी आलो.

बाई म्हणजे माझ्या मालकीणबाई. एकोणतीस वर्षे त्यांनी वकिलांच्या कचेरीत टंकलेखन केले. निवृत्त झाल्यावर घरच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी मला बसवले आणि लोकांचे अर्ज, करारनामे, प्रबंध टाइप करून द्यायला सुरुवात केली. त्यांच्या शिस्तीची सगळ्या गल्लीला धास्ती होती. कोणी मसुदा घेऊन आले की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "एवढं लांबलचक वाक्य, आणि श्वास घ्यायला एक स्वल्पविराम नाही?" लोक माघारी त्यांना 'स्वल्पविरामबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते.

त्यांनी माझी फार निगा राखली. जुना पडदा कापून माझ्यासाठी झाकण शिवले. रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसले. माझ्याजवळ कपबशी ठेवायची कोणाची टाप नव्हती. नऊ वर्षांत माझ्यातून चुकीचा एक कागद बाहेर पडला नाही. त्याचा मला गर्व होता, बाईंनाही होता.

दीड वर्षापूर्वी आमच्याकडे क्रेनदादा येऊ लागले. बंदरावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांनी अर्धे आयुष्य काढले होते. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. सोमवारी आणि गुरुवारी त्यांची सून त्यांना दारापर्यंत सोडून दवाखान्यात कामाला जाई. दादा खुर्चीत ताठ बसून आपल्या आयुष्याची कहाणी सांगत आणि बाई टाइप करत.

मित्रांनो, काय काय सांगायचे ते! वारा सुटला की पोलादी दोर कसा गुणगुणतो, वरून माणसे कशी बटणांएवढी दिसतात, खालचे सोबती दोरीला बांधून चहाचा डबा कसा वर पाठवत आणि तो पोहोचेपर्यंत निम्मा कसा सांडत असे. कोणाचेही लिखाण विनाकारण न वाखाणणाऱ्या बाई मध्येच टाइप करायचे विसरून नुसत्या ऐकत बसत.

"किती पानं झाली?" दादा दरवेळी विचारत.

"दोनशे अकरा," बाईंनी एका सोमवारी सांगितले.

"एवढं बोललो मी? घरी तर मला तोंड उघडू देत नाहीत!"

दादांना छापलेले पान आणि कोरे पान सारखेच. म्हणून सगळे पूर्ण झाले की एकदमच छापू, असे ठरले होते. दुसरीकडे एक प्रत ठेवायचे बाई रोज मनाशी ठरवत आणि रोज ते उद्यावर जाई. दोनशे अकरा पाने होती ती फक्त माझ्या पोटात.

त्यानंतरच्या दिवशी, मंगळवारी सकाळी, दादांनी सांगितलेल्या एका कप्पीचे नेमके नाव शोधायला बाई इंटरनेटवर गेल्या. कुठल्याशा पानावर त्यांनी बोट दाबले मात्र, माझा पडदा लालभडक झाला. माझ्या स्पीकरमधून भोंगा वाजू लागला. 'तुमचा संगणक धोक्यात आहे. बंद करू नका. सर्व फायली नष्ट होतील. ताबडतोब पुढील क्रमांकावर फोन करा.'

ते सगळे खोटे होते. मला काहीसुद्धा झालेले नव्हते. बाईंनी माझे बटण थोडा वेळ दाबून धरले असते, तर मी गुपचूप बंद झालो असतो आणि पुन्हा नेहमीसारखा सुरू झालो असतो. पण मी ते सांगणार कसे? मी ओरडत होतो, आणि माझ्या तोंडून शब्द मात्र दुसऱ्याचे येत होते.

बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी फोन लावला.

"मॅडम, अजिबात घाबरू नका," एक गोड आवाज म्हणाला. "कंपनीच्या तांत्रिक विभागातून बोलतोय. अगदी वेळेवर फोन केलात."

"यात एका माणसाचं पुस्तक आहे हो," बाई म्हणाल्या. "बाकी काही गेलं तरी चालेल."

"तेच तर वाचवायचंय आपल्याला, मॅडम."

त्याने बाईंना एक छोटासा प्रोग्राम घ्यायला लावला आणि पडद्यावर आलेले आकडे वाचून दाखवायला सांगितले. बाईंनी ते स्पष्ट, एकेक करून वाचले. त्याच क्षणी माझा बाण आपोआप हलू लागला. बाईंचा हात तर मांडीवर होता. परक्या माणसाचा हात माझ्या आत शिरला होता आणि दार मीच उघडले होते.

मी रोज एक डायरी लिहितो. आज अमुक उशिरा सुरू झाले, आज प्रिंटरने उत्तर दिले नाही, अशा बारीकसारीक नोंदी. माणसाने शिंका मोजाव्यात तशा. त्याने ती डायरी उघडली. "हे पिवळे त्रिकोण बघा, मॅडम. हे लाल गोल बघा. एकूण एक व्हायरस." माझी डायरी त्याने माझा रोग म्हणून दाखवली आणि बाईंनी ती मान हलवत पाहिली.

मग पाच वर्षांच्या संरक्षणाचे पैसे भरायला सांगितले. मग आणखी काही. "फोन ठेवू नका. घरात कोणाला सांगू नका. बँकेला तर मुळीच नको, तिथलीच माणसं यात सामील असतात." अडीच तास हे चालले. बाईंची दोन वर्षांची टंकलेखनाची कमाई गेली. तिसऱ्यांदा पैसे मागितल्यावर मात्र त्यांची जुनी सवय जागी झाली. त्यांनी पेन उचलले.

"तुमचं पूर्ण नाव आणि कार्यालयाचा पत्ता सांगा. मी टिपून घेते."

 मग तोच आवाज, पण त्यातला गोडवा गळून पडलेला. "ए, जास्त शहाणपणा नको. पुस्तक पाहिजे ना तुला? मग गुमान भर."

बाईंना आयुष्यात कोणी असे अरेतुरे केले नव्हते. "नाही भरणार," त्या म्हणाल्या. 

माझा बाण 'दादा' नावाच्या फोल्डरवर जाऊन थांबला. बाई डोळे विस्फारून बघत राहिल्या. दीड वर्ष मी जिवापाड सांभाळलेली पाने माझ्याच हातून खरवडून काढली गेली. मग त्याने मला कुलूप घातले आणि फोन बंद झाला. आठवण ठेवणे हेच ज्याचे काम, त्याने विसरावे, यापेक्षा मोठी नामुष्की कोणती?

मी समजत होतो, सगळ्यात वाईट ते हेच. पण खरी लाज पुढे होती.

गुरुवारी दादा आले. बाई दोन दिवसांत जेवल्या नव्हत्या. त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा 'मी मजेत आहे' म्हणाल्या होत्या. मला झाकून ठेवले होते.

"कॉम्प्युटरला जरा ताप आलाय, दादा. दुरुस्तीला द्यावा लागेल."

"आमच्या क्रेनलाही यायचा. होईल बरा." दादांनी चाचपडत हात पुढे केला आणि झाकणावरून माझ्या पाठीवर थोपटले. "सगळं आत आहे ना?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. "आहे की."

दोनच शब्द. त्यांत टंकलेखनाची एकही चूक नव्हती. पण बाईंच्या तोंडून बाहेर पडलेला तेवढा चुकीचा मजकूर मी कधी ऐकला नव्हता.

बँकेत त्या पाचव्या दिवशी गेल्या. "त्याच दिवशी आला असता तर काहीतरी अडवता आलं असतं," तिथला माणूस हळहळून म्हणाला. मधले चार दिवस बाईंनी लोक काय म्हणतील याचा विचार करण्यात घालवले होते.

मग त्यांनी मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. तिथे डोळ्याला भिंग लावून काम करणारी एक ताई होती. "माझा नाही हा," बाई घाईघाईने म्हणाल्या. "एका मैत्रिणीचा आहे. ती बिचारी फसली."

ताईने मला उघडले. दोन दिवस ती माझ्याशी झगडली. बाई परत आल्या तेव्हा ती म्हणाली, "कुलूप काढलंय. पण पानं नाहीत. पुसून त्यावर रद्दी भरून ठेवलीय त्याने. मी सगळं करून पाहिलं." मग भिंग बाजूला ठेवून ती हळूच म्हणाली, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, या महिन्यात असं आलेलं हे चौथं मशीन आहे. एक तर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांचं होतं."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या.  "मैत्रिणीचा नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "माझा आहे."

"मला माहितीय," ताई म्हणाली आणि तिने पाण्याची बाटली पुढे केली.

पुढच्या सोमवारी दादा खुर्चीत बसले, तेव्हा बाई उभ्याच होत्या. "दादा, मी तुमच्याशी खोटं बोलले." त्यांनी पहिल्यापासून सगळे सांगितले. लाल पडदा, गोड आवाज, आकडे, पुसलेली पाने. स्वतःला कुठेही सोडले नाही.

दादांचा चेहरा दगडासारखा झाला. "गुरुवारी मी विचारलं, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

"चोरानं पानं नेली, ते मी समजू शकतो. पण तुम्ही..." त्यांनी वाक्य पूर्ण केले नाही. सुनेला फोन लावला आणि ती येईपर्यंत बाहेर पायरीवर, उन्हात बसून राहिले. बाईंनी सरबत नेऊन ठेवले. त्यांनी हात लावला नाही.

त्या दुपारी बाईंनी माझ्याच कळफलकावर पोलिसांकडे द्यायची तक्रार टाइप केली. पहिले वाक्य होते, 'माझी फसवणूक झाली.' त्यांनी ते खोडले आणि लिहिले, 'मी फसले.' मग खाली स्वतःचे पूर्ण नाव घातले. पुढच्या दिवसांत अर्ज टाइप करायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ही गोष्ट सांगितली, एकही तपशील न गाळता. काही जण हसले. एक जण मात्र घरी जाऊन आपल्या आईचा अशाच एका गोड आवाजाशी चालू असलेला फोन बंद करून आला.

तीन आठवडे दादा आले नाहीत. सोमवार आणि गुरुवार आले की बाई सकाळीच माझे झाकण काढत आणि दुपारी पुन्हा घालत.

मित्रांनो, शेवटचे सांगण्याआधी तुम्हाला एक विनंती करतो. आमचा पडदा ओरडू लागला तर घाबरू नका, आम्हाला खुशाल बंद करा. पडद्यावरच्या क्रमांकाला फोन करू नका, आणि मोलाचे काही असेल तर ते आमच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. आणि एवढे करूनही फसलात, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. आमच्यावरची धूळ तुम्ही पुसली की जाते. लाज मात्र झाकून ठेवली की वाढत जाते, हे मी माझ्या टेबलावरून पाहिले आहे.

चौथ्या आठवड्यात, वार सोमवार किंवा गुरुवार नसताना, दादा आले. सून आज त्यांना सोडून गेली नाही, दाराशी थांबली.

"बाई, नवीन फाइल उघडा."

"दादा, मला आठवतंय तेवढं सगळं मी पुन्हा..."

"नको. ती पानं गेली ते एका परीनं बरंच झालं. त्यांत एक खोटं होतं." दादांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली. "वय झालं म्हणून काम सोडलं, असं लिहवलं होतं ना मी? नजर जात होती माझी. वर्षभर लपवली, कोणाला कळू दिलं नाही. एक दिवस मालाची पेटी खाली घेताना, खालून मला खुणा करणाऱ्या माणसाच्या पायावर उतरवली. साहेबांनी विचारलं, तर म्हटलं, त्यानंच खूण चुकीची केली. पाय गेला, वर नोकरीही गेली त्याची. सोळा वर्षं झाली."

बाईंनी नवीन फाइल उघडली.

"तुम्ही मला तोंडावर सांगितलंत. मी रागावून गेलो खरा, पण घरी झोप लागेना. शेवटी सूनबाईला सांगितलं. तिनं तीन आठवडे हिंडून त्या माणसाचा पत्ता काढलाय. तो आहे अजून. हे पहिलं पान छापून द्या. आज त्याच्याकडे घेऊन जातो."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बोटे माझ्यावर ठेवली. ती गार होती. "सांगा, दादा."

दादांनी काठी बाजूला ठेवली.

"लिहा," ते म्हणाले. "खूण बरोबर होती."