बाहेरून मोजलेली टाकी

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पाईपला वाईट वाटेल म्हणून. पण त्याला तर सगळं माहीतच आहे.

पाईप माझा मित्र. कॉलेजच्या फ्लुइड्स लॅबमध्ये असिस्टंट. सहा फूट उंच, अंगावर मांस नाही, म्हणून पाईप. तीन वर्षं टेम्पररी. माझ्याकडे डिग्री नाही, मी मोडून-जोडून शिकलेला. लॅबमधलं गंजलेलं उपकरण नव्याने बनवायचं निघालं, तेव्हा त्यानेच लॅबच्या प्रमुख मॅडमसमोर माझी बाजू घेतली.

जुन्यात पोरांना काहीच दिसायचं नाही. लोखंडी नळी, पत्र्याची टाकी. मी सगळं पारदर्शक केलं. ॲक्रिलिकची नळी, मधे बारीक होणारी. बारीक जागेत पाण्याचा दाब कमी होतो, तो शेजारच्या काचनळ्यांत वाचायचा आणि किती पाणी वाहायला हवं ते काढायचं. खरंच किती वाहिलं ते खालच्या टाकीत मोजायचं. टाकीही ॲक्रिलिकची.

चाचणीत आकडा आला ०.९७. म्हणजे हिशोबाच्या सत्त्याण्णव टक्के पाणी. पुस्तकातल्यासारखा! पाईपने कागदावर सही केली, मॅडमनी तो कागद त्याला कायम करायच्या फाइलला लावला. वहिनींनी संध्याकाळच्या आत माहेरी फोन करून टाकला.

शनिवारी दुपारी पाईप लॅबमध्येच होता; पुसायला म्हणून मी नळी उघडली. टॉर्च मारला. बारीक जागेत काचनळी जोडायला मी पाडलेल्या भोकाला आतून ड्रिलची कड उभी होती. नखाला लागली. घासायचं राहून गेलं होतं, माझ्याकडून. अशी कड असली की दाब खोटाच कमी दिसतो, आणि हिशोबातलं पाणी फुगतं.

घासली. पुन्हा पाणी सोडलं.

१.०४.

हिशोबापेक्षा जास्त पाणी. आलं कुठून?

"तुझं स्टॉपवॉच झोपलंय," पाईप म्हणाला.

"गप रे. टाकी कशी मोजलीस?"

"टेपने. मग काय चमच्याने?"

"आतून की बाहेरून?"

त्याचं हसू गेलं. "बाहेरून. नेहमीसारखी."

पत्र्याची टाकी सगळे बाहेरूनच मोजायचे. पत्रा जेमतेम मिलिमीटरचा, काय फरक पडतो? माझं ॲक्रिलिक दहा मिलिमीटर जाड. दोन्ही बाजू धरून वीस. चारशेची टाकी आतून तीनशे ऐंशीच, लांबीलाही आणि रुंदीलाही. म्हणजे टाकीत नसलेलं पाणी कागदावर. आणि माझ्या कडेने ते झाकून टाकलेलं. दोघांच्या चुका गळ्यात गळे घालून बसल्या होत्या.

आतून मोजून पुन्हा हिशोब केला. ०.९४. नळी माझ्या हातची, तेवढी गुळगुळीत नाही. खरा आकडा हाच.

पाईप स्टुलावर बसला.

"ती कड परत करता येईल?"

"काय?"

"होती तशी. कोण बघतंय आत?"

खोटं कशाला बोलू, मी ड्रिल उचललं. बिट लावली. तीन वर्षं त्याला बघतोय मी. दर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत.

तोच म्हणाला, "थांब." मग जमिनीकडे बघत, "एखादी पोरगी टाकी आतून मोजेल ना रे. आकडा जुळणार नाही. आणि मीच तिला सांगणार, बाई, तुझंच चुकलं."

ड्रिल खाली ठेवलं. मला असं किती जणांनी सांगितलंय, मोजदाद नाही.

"सही मागे घ्यावी लागेल," तो म्हणाला. "मॅडम म्हणतील, तीन वर्षं लॅबमध्ये आहेस, टाकी मोजता येत नाही? फाइल गेलीच समज."

"भोक माझं होतं."

"भोकावर माझी सही आहे, गाढवा." हसला थोडा. मग टेप गुंडाळायला लागला. "हिला काय सांगू? तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मी म्हणालो, "सोमवारी मॅडमकडे आधी मी जाणार. आधी माझं भोक, मग तुझी टाकी. आणि तिथून थेट तुझ्या घरी. वहिनींना मी सांगतो. शब्द देतो."