पुलाआडचा पोलीस

हार्मला लपायची खोड लहानपणापासूनची. पोलिसात गेल्यावर तरी ती जाईल असं त्याच्या आईला, गेझीनाला, वाटलं होतं. कसली जाते! हॉलंडमधल्या ग्रोनिंगन शहरात कालव्यावरचा पूल उतरला की डाव्या हाताला पूलवाल्याची खोली, तिच्या आडोशाला हा उभा. हिवाळ्यात चार वाजताच अंधारून येतं. दिव्याविना सायकल दिसली की टॉर्च रोखून हा पुढे. पोलीस लांबून दिसला तर लोक मुकाट्याने उतरतात आणि सायकल हातात धरून चालत जातात. चालणाऱ्याला दंड नाही. हार्म लपायला लागल्यापासून तीही सोय गेली.

मासळीबाजारात गेझीनाच्या गाड्याशेजारचा चीजवाला योखम रोज टोचायचा. "गेझीनाबाई, काल तुमच्या चिरंजीवांनी माझ्या बायकोला धरलं. आता हेरिंग मासळी तुमच्याकडून घ्यायची की नाही?"

"बायकोला दिवा लावायला सांग आधी," ती फटकारायची. "माझा हार्म सख्ख्या आईलाही सोडणार नाही!" अख्ख्या बाजाराला तिने हे छातीठोक ऐकवलं होतं.

त्या संध्याकाळी घरी जाताना पुलाच्या तोंडाशी तिच्याच सायकलचा दिवा विझला. तिने पाहिलं, तरी उतरली नाही. उतरून चालणाऱ्यांना ती जन्मभर हसत आली होती.

पुलाच्या उताराशी टॉर्च चमकली. कॉलेजातली एक पोरगी रडकुंडीला येऊन उभी होती. मागून योखम आपला पेटता दिवा मिरवत येत होता. हार्मने आईला ओळखलं आणि टॉर्च विझवली.

"आई, खाली उतर," तो कुजबुजला. "चालत जा. मी काही बघितलं नाही."

"आणि ही पोर?"

"तिला दंड झालाय."

योखम खोकला. हसू दाबायला खोकतात तसा.

गेझीनाने सायकल वळवली, पुन्हा पूल चढली आणि भरधाव खाली येऊन हार्मच्या बुटांपाशी करकचून ब्रेक लावला.

"फाड पावती."

"आई, लोक बघतायत गं."

"बघू देत. चोरासारखा लपतोस, तेही मी तुझी हुशारी म्हणून मिरवलं. पण धरल्यावर तोंड बघून सोडतोस? उद्याच हा गणवेश उतरव आणि ये माझ्या मासळीच्या गाड्यावर. नको, तिथेही नको. तिथे तू गिऱ्हाईक बघून काटा मारशील!"