खोटं बोलायला लावलेला काटा

मित्रांनो, निमोण्याच्या सोसायटीच्या पडवीत तबकडीचा जुना लोखंडी काटा दिसला, तर तो मी. चाळीस वर्षं मी कांदा, बाजरी, पेंड मोजली. माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही. म्हणूनच माझा राग मोठा आहे.

चेअरमन हौशीराम आप्पांची दर वाढदिवसाला माझ्यावर गूळतुला होई. जेवढे आप्पा, तेवढा गूळ गावाला. आप्पा जाड झाले की गाव खूश. ते मीटिंगमध्ये खुर्चीतच घोरत, तेव्हा लोक कौतुकानं म्हणत, चेअरमन घोरतात म्हणजे गाव सुखात आहे.

त्यांची बायको सोजराबाई मात्र धास्तावली होती. घोरता घोरता आप्पांचा श्वास मध्येच थांबे. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेभोवती चरबी साचली की झोपेत श्वासाची वाट दाबली जाते, आणि त्यानं रक्तदाबही चढतो. आप्पांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे ऐंशी निघाला. वजन शंभराच्या आत आल्याशिवाय तुला होऊ देणार नाही, असं सोजराबाईंनी बजावलं.

आप्पांनी एका दुपारी माझा मागचा स्क्रू पिळला आणि मला वीस किलो कमी दाखवायला लावलं. वर लाथ मारून म्हणाले, "गप ऱ्हा. लोखंडाला काय कळतंय?" मग बायकोसमोर माझ्यावर चढले. सुई अठ्ठ्याण्णववर थांबली. वजन उतरलं असं सांगून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्याही सोडल्या. त्याच दिवशी मी सूड घ्यायचं ठरवलं.

वाढदिवसाला हार घालून आप्पा माझ्यावर बसले. अठ्ठ्याण्णव. टाळ्या पडल्या. ते उतरले आणि दहा-दहा किलोच्या गुळाच्या ढेपा चढू लागल्या. दहा ढेपा झाल्या तरी मी ऐंशीच दाखवले. आप्पांनी शिकवलेलं खोटं मी गुळालाही लावलं.

ढेपा उचलणारा हमाल सत्तार गोंधळला. सोजराबाई पुढं आल्या.

"सत्तारभाई, धा ढेपा म्हंजी किती?"

"शंभर, वहिनी."

"काटा तर ऐंशी दावतोय. मंग ह्यांचं खरं वजन किती?"

सत्तार खाली बघत म्हणाला, "एकशे अठरा."

आप्पा घाम पुसत राहिले. साऱ्या गावासमोर त्यांना उघडं पाडलं, याचा मला आजही पश्चात्ताप नाही. सोजराबाईंनी त्यांना हारासकट जीपमध्ये बसवून शिरूरच्या दवाखान्यात नेलं.

आता माझा स्क्रू सरळ केला आहे. मित्रांनो, घरात कुणी घोरत असेल तर हसू नका. त्याचा श्वास अडकतो का ते बघा, त्याला रक्तदाब मोजायला न्या, आणि काट्याला खरं बोलू द्या. आप्पा दर सोमवारी निमूट माझ्यावर चढतात. काल एकशे नऊ भरले. एकशे साडेआठ म्हण, असं ते हळूच पुटपुटले. मी सुई हलू दिली नाही.