भैय्याजींच्या हयातीतलं मुंडण

सुशील उमाठेने डोक्यावर केस लावून घेतले, ही गोष्ट दोघांनाच माहीत होती. एक रायपूरचा डॉक्टर आणि दुसरी त्याची बायको कमलिनी. डॉक्टरला कोणाला सांगायची गरज नव्हती आणि कमलिनीला लाज वाटत होती. एवढ्या भक्कम पायावर ते गुपित उभं होतं.

कारण साधं होतं. कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला एका नव्या माणसाने सुशीलच्या वडिलांना, म्हणजे भैय्याजींना विचारलं होतं, "हे तुमचे धाकटे भाऊ काय?" सुशील चव्वेचाळीसचा, स्टील प्लांटच्या ऑफिसात हिशेबनीस. भैय्याजी पंचाहत्तरीचे, नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. दोघांची टकलं मात्र एकाच वयाची दिसत. कानांच्या वर केसांची झालर आणि मधे लख्ख मैदान. भैय्याजी त्या माणसाला म्हणाले, "भाऊ नाही. कोणीच नाही."

हे ते गमतीने म्हणाले नव्हते. तीन वर्षांपूर्वी सुशीलची आई भागाबाई गेली. शिवनाथ नदीच्या घाटावर न्हावी वस्तरा घासून बसला, तेव्हा सुशीलने डोकं पुढे केलं नाही. म्हणाला, "बाबा, माझे आहेत तेवढे केस गेले त पुन्हा येनार नाहीत." शेवटी न्हाव्याने एक बट कापली आणि नखं काढली. भैय्याजींनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून पोराशी बोलणं टाकलं. सणावाराला यायचे ते सुनेशी बोलायला.

तर आता ऑपरेशन. आधी सगळं डोकं साफ भादरतात. मग मागची मुळं एकेक काढून पुढे रोवतात, बांधीतल्या चिखलात धानाची रोवणी करावी तशी. रोवणी झाली की जपणूक. अर्धवट बसून झोपायचं, मिठाच्या पाण्याचा फवारा मारत राहायचं, वाकायचं नाही, खाजवायचं नाही, हेल्मेट नाही, हात तर अजिबात नाही. कपाळावर सूज येते आणि दोन-तीन दिवसांत ती डोळ्यांत उतरते, हेही डॉक्टरने सांगितलं होतं. उतरल्यावर माणूस कसा दिसतो, ते सांगितलं नव्हतं.

फवाऱ्याची बाटली संपली म्हणून सुशील दवाखान्याने दिलेली ढगळ टोपी घालून हुडको कॉलनीतल्या औषधाच्या दुकानात गेला. तिथे चंपतराव उभे होते. कॉलनीतल्या मराठी माणसांपैकी कोणी वारलं तर पहिली खबर चंपतरावांची असते, कधीकधी घरच्यांच्याही आधी. त्यांनी सुशीलला मागून पाहिलं. भादरलेलं डोकं. मग पुढून पाहिलं. सुजलेले, लाल डोळे. बाप असलेल्या माणसाचं डोकं भादरलेलं दिसलं तर आमच्याकडे दुसरा अर्थ निघत नाही. चंपतरावांनी काही विचारलं नाही. दुःखात माणसाला विचारू नये, हे त्यांना कळतं. त्यांनी फक्त हात जोडले. सुशीलनेही जोडले, वाकता येत नसल्यामुळे ताठ मानेने.

संध्याकाळी घरात पंधरा माणसं होती.

शेजारच्या रमाबाई पिठलं-भात घेऊन आल्या, कारण सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. कमलिनीने कुकरची शिट्टी दाबून धरली आणि नवऱ्याला आतल्या खोलीत ओढलं.

"हे लोक तुमच्या बाबांसाठी आले."

"समजलं मले."

"मग सांगा ना त्यायले."

"काय सांगू? केस लावले म्हनून?"

"बाप जिवंत आहे म्हनून सांगा. केसाचं कोन विचारते?"

"पहिला प्रश्न तोच विचारतीन. मग टक्कल काऊन केलं?"

सुशीलने विचार केला होता. तेरवीपर्यंत लोक येतील, मग कोणीतरी भैय्याजींना बाजारात पाहील, मग चंपतरावांची चूक निघेल आणि दोष चंपतरावांच्या गळ्यात पडेल. तोवर खपल्या पडून गेलेल्या असतील. तो बाहेर येऊन सतरंजीवर बसला आणि टोपी सावरून खाली बघू लागला. सूज होतीच. कोणी म्हणालं, "किती रडला पोरगा." सुशीलने ते खोडून काढलं नाही.

चंपतरावांनी दुपारीच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर टाकलं होतं. भैय्याजी त्या ग्रूपवर होते. नंदिनी नगरात दुपारच्या झोपेतून उठल्यावर त्यांनी स्वतःच्या मरणाची बातमी वाचली. घाई केली नाही. खालचे सगळे हात जोडलेले वाचले, कोणी लिहिलं आणि कोणी नाही ते पाहून ठेवलं. मग नेहमीचा न्हावी गुलाब याला त्याच्या पेटीसकट ऑटोत बसवलं आणि हुडकोला आले.

दारात ते उभे राहिले तेव्हा रमाबाईंच्या हातातलं पळीभर पिठलं जमिनीवर पडलं. बाकी कोणी हललं नाही.

"बसा, बसा," भैय्याजी म्हणाले. "उठू नका माझ्यासाठी. जेवन कोनाच्या नावानं आलं?"

रमाबाईंनी भांड्यावर झाकण ठेवलं.

"माझ्या ना? मग वाढ सूनबाई. भूक लागून राहिली."

कमलिनीने ताट वाढलं. भैय्याजी खुर्चीवर बसून सावकाश जेवले. पंधरा माणसं मयताला जेवताना बघत होती. चंपतराव मोबाइलमध्ये काहीतरी खोडत होते.

"मीठ कमी आहे," भैय्याजी म्हणाले आणि हात धुऊन पोरासमोर आले. तीन वर्षांनी पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलले. "टोपी काढ."

सुशीलने काढली नाही. कमलिनीने मागून येऊन ती उचलली, अलगद, मुळांना धक्का न लावता. पुढच्या मैदानावर लाल-काळ्या ठिपक्यांच्या ओळी होत्या. लोक वाकून बघू लागले.

"हे काय निंगालं? देवी का?" भैय्याजींनी विचारलं.

"केस लावले, बाबा," कमलिनी म्हणाली. "मागचे काढून पुढं."

"मागचे म्हंजे कानावरचे? ते त माझ्याकडून आलेले आहेत."

"हाव."

"मले न विचारता पुढं नेले." भैय्याजींनी थोडा वेळ त्या रोवणीकडे पाहिलं. "आई गेली तवा म्हने, बाबा, पुन्हा येनार नाहीत. मी जबरदस्ती नाही केली. म्हटलं, पोराले केसाचं दुःख आहे. आता कोनासाठी काढले बे? चांगलं पुरं डोकं काढलं. कोन मेलं?"

"बाबा, लोकांसमोर नको."

"लोक माझ्याच मयतीले आले. त्यायले बसू दे. मी इथं मेलेला होतो तवा तू काय करून राहिला होता? सतरंजीवर बसून राहिला होता. सांगितलं काऊन नाही, बाप आहे म्हनून?"

सुशीलने टोपीसाठी हात पुढे केला. मग सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात कमलिनीने उत्तर दिलं. "केसाचं सांगा लागलं असतं."

भैय्याजींनी मान हलवली, जशी ऑफिसात फाईलवर सही करताना हलवत असतील. "गुलाब, पेटी उघड. नव्वद टक्के काम झालेलंच आहे. वरून एक हात फिरव. याच्या मायचं राहिलेलं आज उरकून टाकू."

सुशील उठून भिंतीला टेकला. दोन्ही हात त्याने डोक्यावर धरले, पण वीतभर वर, कारण लावायला मनाई होती.

"डॉक्टरनं दहा दिवस हात नका लावू म्हटलं, बाबा. मुळं उपटून येतीन. सगळं वाया जाईन."

"मायच्या नावानं गेलं त वाया नाही जात."

"भैय्याजी," गुलाब म्हणाला, "हे माझ्यानं नाही होत. खपल्या आहेत. रक्त येईन."

"मग एवढं सांगून दे," भैय्याजी पोराला म्हणाले. "दहा दिवसांनी येतो. खपल्या पडू दे. तवा देशीन डोकं?"

रमाबाई डोळ्यांनी सुशीलला खुणावत होत्या, हो म्हण म्हणून. हो म्हटलं असतं तर दहा दिवसांत काहीही झालं असतं. म्हातारा शांत झाला असता, विसरला असता, कदाचित आलाच नसता. पण सुशीलच्या डोक्यावर पहिल्यांदाच काही रोवलेलं होतं आणि ते जपायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "आज खरंच तुमी मेले असते ना बाबा, तरी दिलं नसतं."

भैय्याजींना राग आला असं दिसलं नाही. ते खुर्चीवर बसले, खांद्यावरचा पंचा गळ्याभोवती गुंडाळला आणि म्हणाले, "गुलाब, मग माझे काढ."

कानांवरची झालर ती काय. गुलाबने पाणी लावलं आणि दोन-चार ओढीत संपवलं. पांढरे केस फरशीवर पडले. कमलिनी झाडू आणायला गेली आणि आतच थांबली.

"पन भैय्याजी," चंपतरावांनी घसा साफ करून विचारलं, "तुमी हे कोनाच्या नावानं..."

"ग्रूपवर दुरुस्ती टाक," भैय्याजी म्हणाले. "बातमी तीच राहू दे. नाव तेवढं बदल."

चंपतरावांनी ती दुरुस्ती टाकली नाही. पण पंधरा माणसांनी ती ऐकली होती आणि हुडको काही मोठी नाही.

महिनाभरात भैय्याजींची झालर पूर्ववत आली. सुशीलचे रोवलेले केस त्याच सुमारास उशीवर गळून पडले. डॉक्टर म्हणाला, हे ठरल्याप्रमाणेच आहे, मुळं आत जिवंत आहेत. सुशील रोज आरशापुढे मुळांवर विश्वास ठेवत उभा राहायचा. चार महिन्यांनी तुरळक लव आली, आठव्या महिन्यात भांग पडला. नियमाने तेल, सौम्य शाम्पू, जाड दातांचा कंगवा. प्लांटमधले लोक चांगलं दिसतं म्हणाले. मंडळाच्या लोकांनी पाहिलं आणि काही म्हटलं नाही.

माघात नेहरू नगरच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. भैय्याजी पहिल्या ओळीत बसले होते. सुशील खांबापाशी उभा राहिला. त्यांची नजर त्याच्या भांगावरून पुढे गेली, पंख्यावरून जावी तशी. कमलिनी गेली आणि वाकून पाया पडली. सासरा तिला अठरा वर्षं एकच आशीर्वाद देत आला होता, अखंड सौभाग्यवती भव. हात तिच्या डोक्यावर आला, ओठ हलले, पहिलं अक्षर बाहेरही पडलं. मग भैय्याजींनी तोंड मिटलं.

"खुशाल राहा, बाई," ते म्हणाले आणि शेजारच्या माणसाला विचारू लागले की पंगत कधी बसणार.