स्ट्राउडची दाढी

व्हर्ना स्ट्राउड केस कापायला आमच्या दुकानात आली, त्या मंगळवारी मी मागच्या खोलीत टॉवेल उकळत होते. दुकान पुरुषांचं. पण युरोपातली लढाई संपून सहा वर्षं झाली होती, इंडियानातल्या आमच्या एवढ्याशा गावातही दारोदारी मोटारी आल्या होत्या, आणि मुली मासिकांतली चित्रं घेऊन यायला लागल्या होत्या.

"मिस्टर लुट्झ, मानेपर्यंत कापा," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली. एकोणीस वर्षांची पोर, टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला.

"वडिलांना विचारलंस?"

"केस माझ्या डोक्यावर आहेत. त्यांच्या डोक्यावर उरलेतच कुठे?"

अँब्रोस हसला आणि त्यानं कात्री उचलली.

तिचे वडील एल्मर स्ट्राउड म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक, चर्चमधलं मोठं प्रस्थ. जिल्ह्यातल्या पांढऱ्या झगेवाल्यांच्या गुप्त टोळीचे पुढारीही तेच, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. कापलेले केस, नाचगाणी, दारू, काळे, ज्यू आणि आम्ही कॅथलिक, या सगळ्यांवर त्या लोकांचा राग. त्या उन्हाळ्यात दुकानांच्या काचांवर 'शंभर टक्के अमेरिकन' अशा पाट्या लागल्या होत्या. आम्हाला कुणी पाटी आणून दिली नाही. अँब्रोसचा जन्म याच दुकानाच्या माडीवरचा. "मग मी किती टक्के गं?" असं तो मला थट्टेनं विचारायचा.

बुधवारी तीनच गिऱ्हाइकं आली. गुरुवारी पोस्टमास्तर आम्हाला बघून रस्त्याच्या पलीकडे गेला. शुक्रवारी दुपारी व्हर्ना मागच्या दारानं आली. डोक्याला रुमाल, एक गाल सुजलेला.

"फोनवर सगळं कानावर पडतं माझ्या," ती म्हणाली. "उद्या बारा वाजता येणार आहेत. दुकान बंद ठेवा, कुठंतरी जा."

"शनिवारी बंद ठेवलं तर कायमचंच बंद झालं म्हणून समज," अँब्रोस म्हणाला.

शनिवारी अकराजण आले. झगे नव्हते, चर्चला जायचे कोट होते. काही बाकावर बसले, काही भिंतीला टेकून उभे राहिले. एकेकाला मी ओळखत होते. त्यातल्या एकाची बायको बाळंतीण झाली तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरी मीच सूप नेऊन दिलं होतं. स्ट्राउडनी टोपी खुंटीला लावली आणि खुर्चीत बसले.

"दाढी कर."

अँब्रोसनं फेस लावला, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजला. स्ट्राउडनी डोळे मिटून मान मागे टाकली. वस्तरा गळ्यावर आला तेव्हा ते बोलायला लागले, अगदी सावकाश. पात्याखाली गळ्याची घाटी वरखाली होत होती.

"बायको चांगली आहे तुझी. माडी लाकडाचीच ना? आमच्याच वखारीतलं लाकूड. जुनं झालं की फार लवकर पेटतं."

अँब्रोसचा हात थांबला. सगळ्यांच्या नजरा त्या हातावर होत्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, हे कशासाठी आले होते ते. रक्ताचा एक थेंब त्यांना निमित्ताला पुरला असता.

"मान जरा डावीकडे करा, साहेब," अँब्रोस म्हणाला.

दाढी झाली. साधा ओरखडासुद्धा नाही. आरशात बघताना स्ट्राउड मला जरा हिरमुसल्यासारखे वाटले. "सोमवारपर्यंत मुदत," एवढंच ते म्हणाले. मग एकेक करून सगळे गेले.

अँब्रोसनं वस्तरा धुतला, पुसला आणि पेटीत टाकून पेटीला कडी घातली. मी टॉवेल गोळा करायला लागले.

"फिलोमिना, आपण उद्या निघायचं."

"माडीला खरंच आग लावतील असं वाटतं तुला?"

"लावतीलही. पण त्यासाठी नाही. मघाशी मी ठरवलं होतं. क्षणभरच, पण खरंच ठरवलं होतं. पुढच्या वेळी हात थांबायचा नाही माझा."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही शेजारच्या राज्यात, टोलिडो शहरात गेलो. अँब्रोस तिथं अवजारांच्या कारखान्यात लागला. दुसऱ्याच्या गळ्याला त्यानं पुन्हा वस्तरा लावला नाही. दोन वर्षांत झगेवाल्यांचं बस्तान उठलं. मग पोस्टमास्तरचं पत्र आलं, काही घडलंच नसल्यासारखं: परत या, गावात धड दाढी करणारा कुणी राहिला नाही.

अँब्रोसनं उत्तर लिहिलं नाही. मी लिहिलं. व्हर्ना कुठे आहे, एवढंच विचारलं होतं. त्यानंतर पोस्टमास्तरचं पत्र कधी आलं नाही.