दीर्घ ‘मू’

मी मोटारीच्या पुढच्या दिव्यातला बल्ब. जळालेला. जळालेल्या बल्बाची साक्ष कुठल्याच कोर्टात चालत नाही, आणि त्या संध्याकाळची चौकशी तर कोणी केलीच नाही. म्हणून इथे बोलतोय. जेवढं पाहिलं तेवढं सांगेन. जे पाहिलं नाही तेही सांगेन, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

माझा जन्म विलायतेत, युद्धासाठी. मी आणि माझा जुळा भाऊ लष्करी ट्रकांसाठी बनवलेले. युद्ध संपलं, ट्रक भंगारात गेले आणि आम्ही न वापरलेले दोघे लालबागला शामराव मिस्त्रीच्या फळीवर येऊन पडलो. शामराव मोटारींची वायरिंग करायचा. त्याच्या फळीवर आम्ही नऊ-दहा वर्षं धूळ खाल्ली.

पंचावन्न सालच्या डिसेंबरात भिवा आला. घोडपदेवचा टॅक्सीवाला. गाडी अडतीस सालची, जुनाट, आणि दिवे तिच्यासारखेच थकलेले. खरी गोष्ट अशी की भिवाचे डोळेही थकले होते. दिवस कलला की त्याला कमी दिसायचं. हे त्याने बायकोशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं; बिल्ला गेला असता. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला रे रोडवर त्याने सोनूबाई कोळिणीची पाटी उडवली होती. बाई थोडक्यात वाचली.

“काय म्हणाली ती?” शामरावाने विचारलं.

“म्हणाली, डोलं घरी ठेवून आयलास काय रं? मी म्हटलं, मावशी, दिवे मंद आहेत. तर म्हणते, गाडीचे का तुझे?”

शामराव हसला आणि त्याने तीन जोड्या पुढे मांडल्या. एक होती तशीच, एक जरा जास्त उजेडाची, आणि तिसरी आम्ही. भिवाने आम्हाला उचललं.

“व्होल्ट जुळतात रे, वॅटचं काय?” शामराव म्हणाला. “गाडी म्हातारी, तिचा डायनॅमो म्हातारा. धावतेय तोवर ठीक. उभी राहिली आणि इंजिन मंद पडलं, की हे दोघे बॅटरी पिऊन टाकतील. दोन मिनिटांत काळोख. मधली जोडी घे.”

“मला मोठाच उजेड पाहिजे.”

“मग उभा असशील तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढू नकोस. विसरशील आणि मला शिव्या घालशील.”

भिवा विसरला नाही. माझी सगळी हकीकत त्या एका वाक्यावर उभी आहे.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघा भावांनी भायखळ्यापासून घोडपदेवपर्यंतचा रस्ता धुऊन काढावा तसा उजळला. पण जास्त उजेड म्हणजे जास्त सुख, असं समजू नका. आधी जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. गल्लीच्या तोंडाशी रचलेले दगड. डांबराची पिंपं. दाराच्या फटीतून बघणारे डोळे. आणि भिंती. भिंतीभिंतीवर गेरूने लिहिलेलं: ‘मूंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’

भिवाची बायको राधा शेजारी बसली होती. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात. सुटली की भिवा तिला घेऊन यायचा.

“अवो, हे आपल्या उत्तमचं अक्षर,” ती म्हणाली.

उत्तम तिचा धाकटा भाऊ. त्याच गिरणीत, राहायला त्यांच्याच खोलीत. बाप मेला तेव्हा तो दुसरीत होता. शाळा सुटली ती सुटलीच. राधा चौथी शिकलेली. तिने त्याला जमिनीवर कोळशाने अक्षरं गिरवून शिकवलं होतं. चाळीच्या दाराशी फळा होता, तो आता उत्तमच लिहायचा. त्या दिवशी तिथे लिहिलं होतं, ‘नळावर भांडू नये. मूंबईत पाणी सगळ्यांना आहे, आपल्याच चाळीत नाही.’ चाळ हसली होती.

जानेवारीत हसणं संपलं. दिल्लीने मुंबई तोडली आणि गिरणगावात गोळ्या सुटल्या. किती मेले याचा सरकारचा आकडा वेगळा, गल्लीचा वेगळा. रस्त्यावरचे दिवे लोकांनी फोडले, कारण उजेडात नेम धरता येतो. हे साधं गणित मला तेव्हा कळलं नाही. मी उजेड होतो आणि स्वतःवर खूश होतो.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी, साडेसातच्या सुमारास, भिवा एकटाच घरी परतत होता. घोडपदेवच्या वळणावर चार बंदूकवाले पोलीस आडवे आले. त्यांचा साहेब पुढे झाला. मराठीच होता. सदाशिव पेठेत शिकल्यासारखं बोलत होता.

“तुझे दिवे उत्तम आहेत,” तो म्हणाला. “गाडी त्या चाळीसमोर लाव. तोंड चाळीकडे.”

चाळ भिवाचीच होती. भिवाने हे सांगितलं नाही. त्याने गाडी लावली, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला आणि आम्ही ती अख्खी चाळ उघडी पाडली. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या, वाळत टाकलेली लुगडी, पिंपं, आणि दाराशी लावलेला फळा.

साहेबाने खिशातून वही काढली. भिंतीवरच्या घोषणा त्याने उतरवून घेतल्या होत्या. तो फळ्यापाशी गेला, तिथे अजून असलेली नळाची ती जुनी ओळ त्याने वाचली, आणि त्याला खरोखरच आनंद झाला.

“बघा,” तो आपल्या माणसांना म्हणाला. “मू दीर्घ. रे रोडला दीर्घ, इथे दीर्घ. शुद्धलेखन किती महत्त्वाचं असतं, पाहिलंत? हा फळा कोण लिहितो?”

तळमजल्याच्या सुंदराबाई दारात होत्या. “काय म्हाईत, सायेब. आमाला कुटं वाचता येतंय.”

“लिहिणाऱ्यालाही येत नाही, आजी.”

मी आजही हे विसरत नाही. ज्या पोराला शाळा दुसरीत संपवावी लागली, त्याला पकडायला सरकार शुद्धलेखनाची वही घेऊन आलं होतं. आणि ती वही वाचायला उजेड मी दिला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर हालचाल झाली. उत्तम दोन दिवस बाहेर लपून जेवायला घरी आला होता. मागच्या पत्र्यांवर उतरायचं तर सगळी गॅलरी ओलांडून टोकाला जायला हवं होतं, आणि ती गॅलरी माझ्या ताब्यात होती. तो एका पिंपाआड बसला. त्याची सावली मात्र बसली नाही. ती भिंतीवर त्याच्या दुप्पट मोठी उभी राहिली. भिवाला ती त्याच्या थकल्या डोळ्यांनीही दिसली. साहेब अजून फळ्याकडे बघत होता.

भिवाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला.

इंजिन गुरगुरत मंद झालं. मला लगेच जाणवलं. अंगातली धग उतरू लागली. पांढरा होतो, पिवळा झालो. गॅलरीचं टोक काळोखात गेलं.

“दिव्यांना काय झालं?” साहेब वळला.

“बॅटरी, सायेब. म्हातारी गाडी आहे.”

“इंजिन वाढव.”

“वाढवतो ना,” भिवा म्हणाला आणि त्याने चोक ओढला. गरम इंजिनाला चोक दिला की काय होतं ते टॅक्सीवाल्याला सांगावं लागत नाही. इंजिन गुदमरलं, बंद पडलं. आम्ही नारिंगी झालो, मग विझत्या निखाऱ्यासारखे लाल. लाल उजेडात मला शेवटचं दिसलं ते पिंप. त्याच्यामागे आता कोणी नव्हतं.

मग पत्र्यांवर पावलं वाजली. कोणीतरी ओरडलं. एक गोळी सुटली.

ती कुठे लागली, हे मी सांगू शकत नाही. मी विझलेला होतो.

साहेबाने दांडक्याने डावा दिवा फोडला. माझा भाऊ त्यात होता. भिवाच्या तोंडावरही दोन बसले. पत्र्यांवर कोणी सापडलं नाही. रक्त होतं की गेरू, यावर चाळीत आठवडाभर वाद झाला. दोन दिवसांनी पेपरात तीन ओळी आल्या: त्या भागात शांतता आहे, एका वाहनाचे किरकोळ नुकसान झाले. किरकोळ म्हणजे माझा भाऊ. उत्तम तेवढाही नव्हता.

भिवाने घरात राधाला वहीची गोष्ट सांगितली.

“मू ऱ्हस्व असतो?” तिने विचारलं.

“साहेब तसंच म्हणत होता.”

“मग चूक माझी. मीच तसा गिरवायला दिला होता.”

त्यानंतर दिवस कलला की ती गाडीत बसायची आणि आम्ही भिंती बघत फिरायचो. काणी गाडी, अर्धा उजेड. दहाव्या-अकराव्या दिवशी रे रोडला लाकडाच्या वखारीच्या भिंतीवर दिसलं: ‘मूंबई’. गेरू ओला होता. तो जिवंत होता. राधा रडली, आणि मग तिचा चेहरा पडला. जे तिला दिसलं ते वहीवाल्यालाही दिसणारच होतं.

तिने पदराच्या टोकाने तो दीर्घ पुसला आणि कोळशाने खाली ऱ्हस्व काढला. जसा वीस वर्षांपूर्वी जमिनीवर काढायला हवा होता तसा. मी तिच्या हातावर उजेड धरून होतो. तिने आणखी दोन भिंती दुरुस्त केल्या. पत्ता नव्हता, निरोप्या नव्हता. तो पुन्हा तिथून गेला तर त्याने वाचावं, एवढंच.

पुढच्या महिन्यापासून सगळ्या भिंतींवर मुंबई ऱ्हस्व दिसायला लागली. सगळ्या. कुठलं अक्षर कोणाचं ते कळेना. त्याने वाचलं म्हणून बदललं, की लिहिणारे दुसरेच उरले?

“शिकला असेल,” राधा म्हणते. तेव्हापासून तेच म्हणते.

मी त्याच वर्षी जळालो. भिवाने मग टॅक्सी सोडली, डोळेच गेले. छप्पनच्या दसऱ्यानंतर त्यांच्या खोलीतल्या फळीवर बुद्धाची मूर्ती आली, तिच्या शेजारी राधाने मला ठेवलं. साठ सालच्या एक मे रोजी सगळ्या मुंबईवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, असं ऐकलं. महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. उत्तम आला नाही.

चाळीने दाराशी नवा फळा लावला. जुना राधाने खोलीत आणून माझ्यासमोर टांगला. ‘मूंबईत पाणी सगळ्यांना आहे’ ही ओळ तिने पुसू दिलेली नाही, दुरुस्तही केलेली नाही. बाहेरच्या भिंती तिने सुधारल्या. ही त्याने येऊन सुधारायची. खाली खडूचा तुकडा ठेवला आहे. दार वाजलं की ती आधी खडूकडे बघते.

मी आता कोणालाच उजेड देऊ शकत नाही, साहेबाला नाही आणि तिलाही नाही. तुमच्याकडे डोळे आहेत म्हणून मागतो. कुठल्या गिरणीच्या दारात, पोस्टात, टपरीवर एखादा माणूस मुंबई लिहिताना ‘म’पाशी क्षणभर अडलेला दिसला, तर त्याला हसू नका. हळूच घोडपदेवचा पत्ता सांगा.