चारांतलं मुकं काडतूस

मित्रांनो, मी एक मेलेलं काडतूस आहे. माझ्यात दारू नाही, बुडाची टोपी कधीच फुटून गेली आहे. तरीही ऐका. जिवंत काडतुसं फक्त आवाज करतात, खरं बोलत नाहीत.

नवा होतो तेव्हा मीही मिजासखोर होतो. थ्री हंड्रेड मॅग्नम! वायोमिंगच्या दुकानात माझ्या डब्यावर भल्यामोठ्या शिंगांचा एल्क छापला होता. दुकानदार मला विकत घेणाऱ्या गार्थला म्हणाला, "घोड्याएवढं हरिण हे, पण सातशे यार्डांवरून पाडाल." खोटं नव्हतं ते. मी तेवढं जातो. पण माझा धक्का तुमच्या खांद्याला सोसेल का, हे ना त्याने विचारलं, ना गार्थने.

गार्थने मला चारदा उडवलं. दर वेळी त्याची बायको लिंडी शेडमध्ये बसून मला पुन्हा भरायची, दारूचा कण न् कण तोलून. चौथ्या बारानंतर बुडाजवळ चीर दिसली आणि मी भंगाराच्या डब्यात गेलो.

गेल्या हंगामात गार्थने साडेसहाशे यार्डांवरून एका मादीच्या पोटात गोळी घातली. दोन दिवस दोघं रक्ताच्या मागावर फिरली. तिसऱ्या दिवशी कावळे दिसले. मांस सडलेलं. हिवाळाभर फ्रीजर रिकामा, ताटात रोज घेवडा. आणि हा गडी खानावळीत चारचौघांत म्हणाला, "लिंडीने दारू कमी भरली." ती शेजारीच बसली होती.

यंदा नऊ वर्षांनी सोडतीत गार्थला नराचा परवाना लागला. एक परवाना, एक जनावर. ते निसटलं तर पुन्हा घेवडा. शिकारीच्या आदल्या दुपारी दोघं खडीच्या खाणीत नेम तपासायला गेली. तोवर लिंडीने मला भंगारातून काढून माझ्या तोंडात नवी गोळी दाबून बसवली होती. दारू मात्र घातली नव्हती. मग तीन जिवंत काडतुसांत तिने मला चौथा म्हणून मिसळून टाकलं.

"बंदूक मी भरते. तू नेम धर," ती म्हणाली.

"आज तरी नीट भरलंयस ना?"

"तूच बघ की."

पहिला बार खाली गेला. "वारा आहे," गार्थ म्हणाला. दुसराही खालीच. "वारा नाही, तुझी दारूच…"

"तिसरा मार आधी."

मी नळीत सरकलो. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. बोट घोड्यावर आलं, दाबलं…

टक.

आवाज नाही, धक्का नाही. पण नळी वीतभर खाली गेली होती आणि धक्क्याच्या धास्तीने गार्थचे दोन्ही डोळे गच्च मिटले होते.

"आत्ता वारा होता का रे?" लिंडीने विचारलं.

गार्थने बंदूक खाली ठेवली. मग म्हणाला, "कधीपासून माहीत होतं?"

"निळा खांदा घेऊन माझ्याच शेजारी झोपतोस ना? माझी टू-सेव्हन्टी बंदूक ने. धक्का कमी आहे तिचा."

"तिच्यासाठी तीनशे यार्डांच्या आत जावं लागेल."

"मग जा! पाय कशाला दिलेत?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना सहाशे यार्डांवर नर उभा होता. हातात लिंडीची बंदूक, खिशात मी. गार्थच्या मुठीने मला इतकं आवळलं की चीर आणखी फाटते की काय वाटलं. मग तो बर्फावर पालथा पडला आणि सरपटू लागला. दोन तास. वारा मानेवर फिरला असता तर नराला माणसाचा वास लागून सगळं संपलं असतं. दोनशेवीस यार्डांवर नराने मान वर केली. या वेळी डोळे उघडे होते. एक बार, आणि नर दहा पावलांत कोसळला.

त्याच संध्याकाळी गार्थ खानावळीत गेला आणि त्याच चारचौघांना म्हणाला, "गेल्या वर्षी दारू बरोबर होती. डोळे मी मिटले होते." लिंडी नुसती जेवत राहिली.

मित्रांनो, डब्यावरचं चित्र बघून काडतूस निवडू नका. आधी आपले डोळे उघडे राहतात का ते तपासा, नाहीतर तुमची फुशारकी जनावराला पोटात घेऊन मरावं लागतं. आणि मला भंगारात टाकू नका. यापुढे दर हंगामाआधी नेम तपासताना त्या चारांत मी असणारच. कितवा, ते फक्त लिंडीला ठाऊक.